ओल्या स्लॅबखाली

तिला सगळे रडारबाई म्हणायचे. नाव तिच्या धाकट्या दिराने पाडलं होतं आणि ते इतकं चिकटलं, की गिऱ्हाइकंसुद्धा फोनवर "रडारबाई आहेत का?" असंच विचारायची. काम तिचं आणि दिराचं मिळून होतं. कुणाला काँक्रीटमध्ये भोक पाडायचं असलं, भिंत किंवा स्लॅब कापायचा असला, की आधी ही जायची. इस्त्रीहून थोडं मोठं, चार चाकांचं यंत्र ती काँक्रीटवरून सावकाश ढकलत न्यायची आणि पडद्याकडे बघत राहायची. आत लोखंड असलं की पडद्यावर उलटी वाटी ठेवल्यासारखी कमान उमटते. ती कमान कुठे आहे, किती खोल आहे, हे बघून ती खडूने रेघा मारायची. साध्या सळ्यांना पांढऱ्या, विजेच्या नळ्यांना पिवळ्या, ताणून बसवलेल्या तारांना लाल. मग दीर आपलं यंत्र घेऊन यायचा आणि रेघा चुकवून कापायचा.

"वहिनी दाखवणार आणि मी पाडणार," तो लोकांना सांगायचा. "घरी उलटं आहे. तिथे मी काहीतरी पाडतो आणि वहिनी सगळ्यांना दाखवते."

नवरा ऑफिस सांभाळायचा. त्या सकाळी दोघं गाडीतून एका दुकानाच्या कामाला निघाले असताना त्याचा फोन आला.

"दुकानाचं राहू दे. बाजाराजवळच्या पार्किंगचा कोपरा बसलाय. खाली माणूस आहे. अग्निशमनवाल्यांनी तुम्हाला दोघांना बोलावलंय."

पार्किंगची ती इमारत सगळ्यांच्या पायाखालची होती. तिच्या छतातून बारा महिने पाणी ठिबकायचं, आणि त्या थेंबांखाली गाडी लागू नये म्हणून लोक एकमेकांच्या पुढे घुसायचे. आता कोपऱ्यातला एक खांब मोडला होता. त्याच्यावरचा स्लॅब एका बाजूने खाली येऊन टेकला होता. दुसरी बाजू अजून वर धरून होती. एखाद्या घसरगुंडीसारखा तो तिरका पडला होता आणि त्याच्या पायथ्याशी चार-पाच गाड्या एकमेकींवर चढून बसल्या होत्या.

खाली अडकलेला माणूस प्लंबर होता. छताखालचा पाइप फुटला म्हणून त्याला सकाळीच बोलावलं होतं. तो शिडीवर चढून पाइपाला हात घालतोय तोवर खांब गेला. स्लॅबखाली तिरकी पोकळी राहिली होती, तिच्यात तो जिवंत होता. पान्याने कशावर तरी ठोकत होता, आणि तो आवाज वर सगळ्यांना ऐकू येत होता.

अग्निशमनचे साहेब रडारबाईला बाजूला घेऊन गेले. सोबत इमारतीचा नवा इंजिनियर होता. त्याच्या हातात नकाशा होता, पण तो उघडत नव्हता.

"बाजूने जाता येत नाही," साहेब म्हणाले. "एक तुकडा काढला की वरचे दोन सरकतात. वरूनच भोक पाडून उतरावं लागेल."

"या स्लॅबमध्ये ताणलेल्या तारा आहेत," इंजिनियर म्हणाला. "तो अर्धा का होईना वर टिकलाय, तो त्या तारांवरच. एक तुटली तर पुढे काय होईल हे मी सांगू शकत नाही. सगळाच खाली बसेल, बहुतेक."

"नकाशात दिलंय ना, तारा कुठे आहेत ते?"

"दिलंय. बांधणाऱ्यांनी नकाशाप्रमाणेच टाकल्यात, हे कुणी द्यायचं लिहून?"

रडारबाईने गुडघ्यांना पट्टे बांधले. अग्निशमनच्या एका जवानाने तिच्या कमरेला दोर अडकवला आणि दुसरं टोक वर टिकलेल्या बाजूच्या खांबाला बांधलं. ती उतारावर ओणवी झाली, यंत्र हळूहळू खाली सोडायला लागली.

वरच्या भागात काँक्रीट कोरडं होतं. तिथे पडदा अगदी स्वच्छ होता. सळ्यांच्या कमानी ओळीने, जवळजवळ. त्यांच्या मध्येच खोलवर तारेची ठळक कमान. ती रेघा मारत खाली खाली गेली. पण प्लंबरचा आवाज येत होता तो पार खालच्या टोकाकडून, आणि तिथे पोचली तसा पडदा गढूळ झाला. कमानी पुसट झाल्या, मग राखेसारखं सगळं सपाट करडं. इतकी वर्षं जे पाणी वरून ठिबकत होतं, ते आधी या काँक्रीटमध्ये मुरलं होतं. ओल्या काँक्रीटमध्ये रडारची लहर आत जाते आणि तिथेच विरून जाते, परत येत नाही.

तिने यंत्र उलट्या दिशेने फिरवलं. आडवं फिरवलं. जवानांकडून गरम हवेचा पंखा मागवून घेतला आणि स्लॅब वाळवून पाहिला. वरचं पाणी उडालं. आतलं आतच राहिलं.

शेवटी ओलीच्या अगदी कडेला तिला दोन लाल रेघांच्या मधे थोडीशी जागा मिळाली. मनगट जाईल एवढी.

"इथे," ती दिराला म्हणाली. "याच्या बाहेर केसभरही नको, भाऊजी."

दिराने यंत्र स्लॅबला घट्ट बसवलं. नळीसारखं गोल पातं तापू नये म्हणून पाणी लावावं लागतं. त्याने ते जेमतेम धार धरेल एवढंच सोडलं. बराच वेळ काँक्रीट घासल्याचा कर्कश आवाज होत राहिला, मग एकदम पातं मोकळं फिरलं. त्याने काँक्रीटचा गोल तुकडा काढून बाजूला ठेवला. भोकातून खालून आवाज आला, दमलेला पण स्पष्ट.

"अहो, वरून पाणी गळतंय. कुणीतरी प्लंबरला बोलवा."

साहेबांना हसू फुटलं. दीर तर तसाच उतारावर बसून हसत राहिला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. रडारबाईसुद्धा हसली. त्या दिवसातलं ते तेवढंच हसणं.

भोकातून नळी सोडून त्याला पाणी दिलं, दिवा सोडला. त्याने सांगितलं, उजवा पाय मांडीपासून बीमखाली आहे, पाय आहे की नाही तेच कळत नाही. खाली उभ्या असलेल्या डॉक्टरांनी ते ऐकलं आणि साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं, की पाय जितका वेळ असा दबून राहील तितकं अवघड होत जाईल. लवकर पोचा.

तेवढ्यात प्लंबरची थोरली बहीण आली. शिवणकाम करणारी बाई. गळ्यात मोजपट्टी तशीच राहिली होती. तिला कुणी वर सोडेना. ती भांडली नाही, रडलीही नाही. साहेबांसमोर उभी राहून म्हणाली, "आई गेली तेव्हा तो रांगत होता. मी वाढवलंय त्याला. मला त्याच्याशी बोलू द्या." साहेबांनी तिलाही दोर बांधला.

ती भोकाला तोंड लावून पालथी झोपली.

"बाळ्या."

"ताई? तू कशाला आलीस? पडशील बिडशील."

"तू गप. दुखतंय का?"

"आधी दुखत होतं. आता नाही. ते बरं का वाईट, विचार गं कुणाला तरी."

रडारबाई दोन हातांच्या अंतरावर होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

आता माणूस उतरेल एवढं मोठं भोक हवं होतं. साहेबांनी हाताने दाखवलं: बहीण झोपली होती त्याच्याच शेजारी, थेट प्लंबरच्या डोक्यावर. तिथून उतरलं तर हात पुढे केला की तो सापडणार होता. पण ती सगळी जागा ओलीची होती.

"इथे मला दिसत नाही," रडारबाई म्हणाली.

"नकाशाप्रमाणे इथे तार आहे का?" साहेबांनी विचारलं.

इंजिनियरने आता नकाशा उघडला होता. "नकाशाप्रमाणे एक इथूनच जायला हवी. पण वर तुम्ही ज्या लाल रेघा मारल्यात, त्या नकाशापासून वीतभर सरकलेल्या आहेत. म्हणजे ही इथे असेल किंवा नसेलही."

"मग दिसतंय कुठे?"

तिने उताराच्या वरच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे दोन तारांच्या मधे खांदे मावतील एवढी कोरडी, स्वच्छ जागा होती. पण तिथून उतरलं की खाली प्लंबरपर्यंत सरपटत, मोडकं साहित्य बाजूला करत जावं लागणार होतं.

"त्याला फार वेळ लागेल, मॅडम," साहेब म्हणाले. "तुमचा अंदाज काय, ते सांगा. अंदाजाने रेघ मारा. जबाबदारी माझी."

"मी अंदाजाने मारली, तरी भाऊजी ती रेघच समजून कापणार. जबाबदारी तुमची असेल, साहेब, पण स्लॅबवर तुमची ही माणसं असणार. आणि खाली तो."

दीर मधे पडला. "वहिनी, मी अगदी हळू घेतो. लोखंड लागलं की हाताला कळतं मला."

"तुम्हाला कळेपर्यंत तार निम्मी कापलेली असेल. ताणलेली आहे, भाऊजी. उरलेली निम्मी स्वतःच तुटेल."

दिराने यंत्राच्या मुठीवरचा हात काढून घेतला.

भोकातून हे सगळं बोलणं खाली जात होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खालून आवाज आला. त्यात आता थट्टा नव्हती.

"कापा हो बाई. पाय गेला तरी चालेल. काय व्हायचं ते होऊ दे, पण कापा. मला इथे नाही राहायचं. बाई, ऐकताय ना? कापा ना."

बहिणीने मान वर केली. "ऐकलंत? तोच सांगतोय."

"मला दिसत नाहीये," रडारबाई म्हणाली.

"मग डोळे मिटून कापा!" बहीण ओरडली. "तुमचा कुणी असता खाली, तर कापलं असतंत!"

रडारबाईने क्षणभर दिराकडे पाहिलं. तो खाली असता तर? तिला उत्तर ठाऊक नव्हतं आणि ते शोधायला ती थांबली नाही. ती उतार चढून वर गेली आणि कोरड्या जागेवर खडूने गोल काढला.

साहेबांनी एकदा त्या गोलाकडे पाहिलं, एकदा खाली भोकाकडे. मग मान हलवली. "तिथेच. लागा कामाला."

माणूस उतरेल एवढं भोक एका दमात पडत नाही. लहान लहान भोकं एकाला एक लावून गोल पुरा करावा लागतो. दिराने यंत्र लावलं ते मग थांबवलंच नाही. जवान आळीपाळीने यंत्र दाबून धरत होते. आवाज इतका होता, की शेजारच्याशी बोलायला कानाला तोंड लावावं लागत होतं. धूळ आणि पाणी मिळून झालेला राखाडी चिखल उतारावरून खाली ओघळत होता आणि थोरली बहीण त्या चिखलात तशीच पालथी पडून भोकाशी बोलत होती. रडारबाई तिच्यापर्यंत जाऊन दोनदा हाताने चिखलाला बांध घालून आली, भोकात जाऊ नये म्हणून. बहिणीने तिच्याकडे पाहिलं नाही.

दुपार कलली तेव्हा गोल पुरा झाला. काँक्रीटचा तो तुकडा साखळीने वर उचलला, आणि दोन जवान दिवे घेऊन आत उतरले. यंत्र बंद झालं होतं. एकदम इतकं शांत झालं, की खाली सरपटणाऱ्यांचे कोपर घासलेले ऐकू येत होते. बहीण भोकातून म्हणत होती, "आले रे, आले बघ. दिवा दिसतोय का? बाळ्या, दिवा दिसतोय का तुला?"

बऱ्याच वेळाने आतून एका जवानाचा आवाज आला. त्याने साहेबांना हाक मारली, आणि ती हाक ऐकूनच साहेबांनी डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं.

हात अजून गरम होता, असं तो जवान नंतर दिराला म्हणाला. आपण थोडे आधी पोचलो असतो तर, असंही म्हणणार होता. पण समोर रडारबाई दिसली आणि त्याने वाक्य गिळलं.

चौकशी झाली. रडारबाईचं काही चुकलं नाही, असं सगळ्यांनीच सांगितलं. साहेबांनी तर तिच्यामुळे आपली माणसं घरी गेली, असं सांगितलं. नवऱ्याने ते घरी दोनदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, "हो."

नंतर उरलेला स्लॅब आधार देऊन, तुकडे करून उतरवायला घेतला. एका संध्याकाळी इंजिनियरचा फोन आला. तो आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "तुम्हाला सांगावं की नाही, कळत नव्हतं. पण दुसरीकडून कानावर यायला नको, म्हणून. त्या ओल्या जागेत... तार नव्हती. ती बांधतानाच पलीकडे वळवली होती. कुणी, का, देव जाणे. ती जागा मोकळी होती."

दुसऱ्या दिवशी ती जाऊन तो तुकडा पाहून आली. जमिनीवर उताणा पडला होता. मनगटाएवढ्या भोकावरून लगेच ओळखू आला. कापलेल्या कडेत सळ्यांची टोकं चमकत होती. तिने सगळ्या बाजूंनी बोटं फिरवली. तार नव्हती.

त्यानंतर तिच्या कामाचा विचका व्हायला लागला. ती एकाच जागेवरून परत परत यंत्र फिरवायची. रेघा इतक्या रुंद मारायची, की कापायला जागाच उरायची नाही. एका गिऱ्हाइकाने तोंडावर सांगितलं, "बाई, तुमचं ऐकलं तर या भिंतीत खिळासुद्धा मारायला नको." परत येताना दीर गाडी चालवता चालवता म्हणाला:

"तार नव्हती. बरं. पण तेव्हा तुम्हाला माहीत होतं का?"

"नाही."

"असती तर आज मी ही गाडी चालवत नसतो."

"कळतंय मला, भाऊजी."

"कळतंय तर मग काय?"

"त्यांना माहीत नाही," ती म्हणाली. "त्याच्या बहिणीला. त्यांना सांगायला हवं."

दिराने रस्त्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. "कशासाठी?"

"त्यांचा भाऊ होता. त्यांना खरं कळायला नको?"

त्याला ते पटलं नव्हतं. तरी चार दिवसांनी त्यानेच पत्ता शोधला आणि तिला तिथे घेऊन गेला. स्वतः खाली गाडीत थांबला.

बहिणीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एक शिवणयंत्र, भिंतीला टेकून कापडाचे गठ्ठे, दोरीवर अर्धवट शिवलेले शाळेचे शर्ट. तिने रडारबाईला ओळखलं. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. स्टूलवरचे कपडे उचलून जागा केली.

रडारबाईने सगळं सांगितलं. इंजिनियरचा फोन, तो तुकडा, कापलेली कड. काही सारवासारव केली नाही. "तिथे तार नव्हती. कापलं असतं, तर चाललं असतं," एवढं बोलून ती थांबली.

बहिणीने हातातल्या शर्टाची बाही उलटी केली, परत सुलटी केली.

"मी काय करत होते, माहितेय?" ती म्हणाली. "रोज स्वतःला सांगत होते. तार होती, म्हणून नाही कापलं. कापलं असतं तर तो तसाही गेला असता, आणि वर चार जणांना घेऊन गेला असता. पाठ करून ठेवलं होतं मी ते. तेवढ्यावर उठत होते सकाळी." तिचा आवाज चढला नव्हता. "कशाला आलात तुम्ही सांगायला? मी विचारलं होतं?"

"नाही."

"तुमच्या मनावरचं उतरलं ना? बरं झालं. इथे ठेवून जा आता."

माफी मागावी, तर कशाची, ते रडारबाईला कळेना. ती उठली. दारापर्यंत गेली तेव्हा बहिणीने मागून हाक मारली.

"बाई, एक सांगा. तुम्ही मधे दोनदा माझ्याजवळ आला होतात, तो चिखल काढायला. तेव्हा बाळ्या काय म्हणत होता, तुम्हाला ऐकू आलं का?"

"काय म्हणत होता म्हणजे?"

"शेवटी तो काहीतरी सांगत होता मला. पुन्हा पुन्हा सांगत होता. माझं नाव घेतलं एवढं कळलं. पुढचं काही ऐकू येत नव्हतं, तुमच्या त्या यंत्राचा एवढा आवाज होता. मी ओरडले, जरा बंद करा म्हणून. कुणाला ऐकूच गेलं नाही. आणि मग यंत्र बंद झालं तेव्हा..." ती थांबली. "तुम्ही जवळ होतात. काही कानावर पडलं असेल तर सांगा."

काहीतरी सांगता आलं असतं. त्याने तुमची आठवण काढली, काळजी करू नको म्हणाला, असं काहीही. बहीण मान वर करून वाट बघत होती. तिला ते चाललंही असतं.

"नाही," रडारबाई म्हणाली. "मलाही नाही ऐकू आलं."

बहिणीने मान हलवली. शर्ट यंत्राखाली सरकवला. "दार ओढून घ्या जाताना."

खाली गाडीत दीर हाताला लागलेलं वंगण फडक्याने पुसत बसला होता. त्या दिवसाबद्दल तो फारसं बोलत नसे. पण जेव्हा बोले तेव्हा एकच गोष्ट सांगे, की आपण यंत्र एकदाही थांबू दिलं नाही. जेवढं माणसाच्या हातून होतं, तेवढं आपण केलं.

ती शेजारी बसली. त्याने फडकं ठेवलं.

"काय म्हणाल्या?"

रडारबाईने सीटचा पट्टा ओढून लावला.

"काही नाही," ती म्हणाली. "चला."